सासूच्या दारी नेलेला निरोप

देवदूतांना पंख चिकटवू नका, हे मी आलापल्लीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या पोरांना पंधरा वर्षं बजावत आलो. रविवारची शाळा माझ्याकडे आहे. नाताळ आला की पोरं पुठ्ठा कापतात, चमकी लावतात, कुणाच्या तरी आईची पांढरी ओढणी पळवून आणतात, आणि मी ओरडलो तरी दुसऱ्या दिवशी पंख तयार असतात. कॅलेंडरवरचे गुबगुबीत, गालाला लाली लावलेले देवदूत पाहिले की माझं डोकं फिरतं. देवदूत म्हणजे निरोप्या. मालकानं दिला तसा निरोप पोचवायचा, पदरचं त्यात चिमूटभरही घालायचं नाही, आणि आल्या वाटेनं परत जायचं. एवढीच त्याची नोकरी. अब्राहामाच्या तंबूपाशी तिघं आले तेव्हा त्यांना आधी पाय धुवायला पाणी दिलं होतं, म्हणजे तेही धूळ तुडवतच आले होते, असं मी पोरांना सांगायचो.

मी वनविभागाच्या लाकूड आगारात मोजणीला आहे. सागाच्या ओंडक्याची लांबी घ्यायची, गोलाई घ्यायची, लिहायचं. वडील गोदावरीच्या पलीकडून आलेले, घरात निम्मं तेलुगू. बायको मात्र ब्रह्मपुरीकडची, तलावावर मासे मारून पोट भरणाऱ्या ढिवर घरातली. आलापल्लीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली, आणि दीड वर्षात आम्ही गडचिरोलीला जाऊन नोंदणी लग्न केलं. तिच्या घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. ही रीत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जिवंत माणूस मेला असं ठरवायचं, त्याच्या नावानं डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि विषय मिटवायचा. तिला हे गावच्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. त्या दिवशी तिनं कामाला सुट्टी घेतली नाही. पुढे तिसऱ्या वर्षी तिनं आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. मूल आम्हाला झालं नाही.

एका शनिवारी मी दुसऱ्या दिवशीचा धडा तयार करत बसलो होतो, तोच अब्राहामाकडच्या तिघा पाहुण्यांचा. ती खाली बसून झिंगे निवडत होती. तिनं विचारलं, "ते जेवले काय त्याच्या घरी?"

मी म्हटलं, "जेवले. लोणी, दूध, वासराचं मांस."

"मंग चांगली खबर घेऊन आले असतीन," ती म्हणाली. मी विचारलं, तुला कसं कळलं? तेव्हा तिनं त्यांच्या गावची रीत सांगितली. मौतीचा सांगावा घेऊन येणारा माणूस अंगणातच उभा राहतो. बसत नाही. पाणी दिलं तर घेत नाही, नुसते हात जोडतो. "त्यानं पानी नाई घेतलं का बाया समजून जातेत. त्याले तोंड उघडाची गरजच पडत नाई. तुमच्या देवदूताले पहिले भिऊ नको म्हनाव लागते ना, ते यासाठीच. दारात असा कोनी उभा दिसला का मानसाले वाटते, गेलं कोनीतरी."

हे मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी तेच पोरांना सांगितलं, आणि तेही स्वतःला सुचल्यासारखं. ती मागच्या सतरंजीवर बसून हसत होती.

ती दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "तुमी एकडाव जाऊन या ना माह्या मायकडे. मी गेली तं भाऊ दारात उभं करनार नाई. तुमी गेले तं माय काहीतरी बोलंल." मी म्हणायचो, आंघोळ त्यांनी केली, अंग पुसून त्यांनीच यावं. हे वाक्य मला फार झणझणीत वाटायचं. ती दोनतीन दिवस गप्प राहायची आणि मग सोडून द्यायची. बारा वर्षं असंच चाललं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. नर्स असल्यामुळे डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला दाखल केलं तोवर यकृत पार गेलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाले, दोन दिवस म्हणा, चार दिवस म्हणा, नातेवाईकांना बोलावून घ्या. मी आत गेलो तर ती म्हणाली, "किती सांगतले? दोन का चार?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

ती म्हणाली, "मले माह्यी माय पायजे."

दुसरं काही मागितलंच नाही. औषध नाही, प्रार्थना नाही. आमच्या मंडळीचे पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून गेले, त्यांना तिनं नीट धन्यवाद दिले, आणि ते जाताच पुन्हा माझ्याकडे पाहून तेच. माय पायजे. आगारात मी आडदांड ओंडके ट्रॅक्टरच्या साखळीनं हलवलेले पाहिलेत, पण या दोन शब्दांना कुठून हात घालायचा ते मला कळेना.

तिच्या मायजवळ फोन नव्हता. भावाजवळ होता. मी फोन लावला, त्यानं माझा आवाज ऐकून कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. चंद्रपुरातच दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या फोनवरून लावला, तिनं "तुमची बहीण" इतकं म्हणताच तोही कापला. मग मी लिहून पाठवलं, की ती शेवटच्या घटका मोजते आहे, आईला घेऊन या. त्यानं वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मी दवाखान्याच्या जिन्याखाली, जिथे लोक चपला काढून ठेवतात तिथे, बसलो आणि प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडलोच. म्हटलं, तुझ्याजवळ हजारो दूत आहेत, एका म्हाताऱ्या बाईच्या दारात जायला एकही मोकळा नाही? गालिलातल्या पोरीकडे पाठवलास, मंदिरात धूप जाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाठवलास, ब्रह्मपुरी तालुक्याचा रस्ता तुझ्या दूतांना माहीत नाही काय? रडत नव्हतो, दात आवळून बोलत होतो. शेजारी एक बाई डबा धूत होती, ती उठून दुसऱ्या नळाला गेली.

वर आलो तेव्हा ती जागी होती. म्हणाली, "तुमीच जा ना."

मी म्हटलं, "आणि इकडे तुला काही झालं तर?"

"इथी बसून तुमी काय करून राह्यले? सलाईन मोजून राह्यले. ते सिस्टर मोजते. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला पलंगापाशी बसवलं आणि पहिल्या बसनं निघालो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. बसमध्ये मी निरोप पाठ करत होतो. "तुमची मुलगी फार आजारी आहे, जिवंत आहे, तुम्हाला बोलावते, माझ्याबरोबर चला." एवढंच. पोरांना शिकवतो तसंच, आहे तसं. पण मूल गाव मागे पडलं आणि निरोपात माझी भर पडायला लागली. बारा वर्षांत एकदा तरी विचारपूस केली? तिला मूल होईना तेव्हा कुठे होता? वाचूनही उत्तर न देणारा तुमचा मुलगा माणूस आहे की कोण? नागभीडपर्यंत मूळ निरोप चार शब्दांचा उरला आणि माझं गाऱ्हाणं पोतंभर झालं. मनात मी सासूला, जिला मी आयुष्यात एकदाच नोंदणी कार्यालयाबाहेर लांबून पाहिलं होतं, इतकं सुनावलं की घसा कोरडा पडला.

ब्रह्मपुरीहून गावाला जीप होती. जीपवाल्यानं सांगितलं, गावात माणसं उतरवून पंधरा मिनिटांत परत फिरतो, त्यानंतर थेट संध्याकाळी. म्हणजे माझ्याजवळ पंधरा मिनिटं होती. मोहफुलं वेचायचे दिवस. दुपार तापली होती, गल्लीत कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. एका म्हाताऱ्यानं घर दाखवलं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मातीचं घर, पुढे ओसरीसारखी सपरी, सपरीत जाळं पसरून एक बाई त्याची भोकं विणत बसली होती. कपाळ अगदी माझ्या बायकोचं. मी अंगणात थांबलो.

तिनं मला ओळखलं. कसं ते मला माहीत नाही, पण ओळखलं. हातातली सुई जाळ्यात खोचली, उठून आत गेली आणि गडवाभर पाणी घेऊन बाहेर आली. एका हातात पाणी, दुसऱ्या हातानं पदर धरलेला. सपरीच्या कडेला येऊन तिनं गडवा माझ्यापुढे केला.

मी पुढे सगळ्यांना सांगितलं की जीप निघून जाईल या घाईनं मी पाणी घेतलं नाही. पाळकांनाही हेच सांगितलं. ते खोटं आहे. घाई होती, पण एक घोट पाण्याला कितीसा वेळ लागतो? तो गडवा पाहून माझ्या मनात आलं ते असं: बारा वर्षं या घरचं पाणी आम्हाला बंद होतं, आज कशाला? घे, तुलाही कळू दे. मी हात जोडले आणि म्हणालो, "पाणी नको. बसत नाही."

गडवा तिच्या हातातून सुटला. पाणी माझ्या पायांवर आलं. ती खाली बसली नाही, कोसळलीच, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. शेजारच्या दोन घरांतून बाया धावल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्याही तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. कुणीतरी आत जाऊन चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मला धुराचा वास आला तेव्हा उमगलं, मी काय केलं होतं ते.

उमगलं आणि मी गप्प राहिलो. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. "जिवंत आहे" हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते, आणि मी ते अडवून धरले. रडा, म्हटलं. आता कळलं ना कसं लागतं? रडा पोटभर. मंदिरातल्या म्हाताऱ्यापुढे उभा राहिलेला दूत आधी भिऊ नको म्हणाला, मेंढपाळांपुढे उभा राहिलेला तेच म्हणाला. मी या बाईला भिऊ दिलं. जितका वेळ लागतो एक ओंडका मोजायला, तितका वेळ मी तिथे उभा राहून तिचं रडणं पाहिलं, आणि माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं.

तिचा मुलगा तलावाकडून धावत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं बायांचा घोळका पाहिला, मला पाहिलं, आणि हातातली टोपली सोडली. मासे अंगणात तडफडायला लागले. तो मायजवळ जाऊन बसला आणि आपलं कपाळ जमिनीला टेकवलं. फोन कापणारा हाच माणूस. त्याची पाठ हलताना पाहिली तेव्हा माझा सगळा जोर गेला.

मी ओरडलो, "जिवंत आहे! मेली नाही! जिवंत आहे हो!"

कुणाला ऐकूच गेलं नाही. मी सपरीवर चढलो, सासूचे दोन्ही खांदे धरून हलवले. "बाई, ऐका. तुमची पोरगी जिवंत आहे. चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे. तुम्हाला बोलावते."

रडणं एकेक करून थांबलं. शेजारची म्हातारी नाक पुसत म्हणाली, "खोटी खबर आली तं पोरीचं आयुष्य वाढलं म्हना." भाऊ उठला आणि त्यानं माझी कॉलर धरली. "जित्या मानसाची मौत सांगाले आला तू?"

"मी काही सांगितलंच नाही," मी म्हणालो.

"पानी काऊन नाई पेला मंग?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते त्या अंगणात बोलण्यासारखं नव्हतं. त्यानं मला ढकललं. डोळे अजून ओले होते, पण चेहरा बदलत चालला होता, बारा वर्षांचा राग जागेवर येऊन बसत होता. "जिती हाये ना? मंग कायले आला? जाय इथून."

जीपवाला पाळीवरून हॉर्न वाजवत होता. मी हरलो होतो. निरोप पोचवायला आलो आणि मधेच फोडून, सांडून बसलो. आता परत जाऊन तिला काय सांगायचं? तुझी माय येत नाही, कारण मी तिच्यावर सूड उगवत बसलो होतो?

तेवढ्यात सासू उठली. पदरानं तोंड पुसलं. आत जाऊन एक पिशवी घेऊन आली, पायात चपला घातल्या. मुलगा म्हणाला, "माय, कुठी चालली?"

"पोरीपाशी."

"आपन तिच्या नावानं आंघोळ केली हाये."

"केली," ती म्हणाली. "तवा तुह्या बापानं नुसती आंघोळ कराले लावली. रडाले कोनी देल्लं नाई मले. आज रडली. आता मले अडवू नोको." आणि माझ्याकडे न पाहता ती हॉर्नच्या दिशेनं चालायला लागली. मी मागे धावलो. अंगणातले मासे तसेच पडून होते.

ब्रह्मपुरीला चंद्रपूरची बस लगेच मिळाली. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. मी माफी मागायला दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिनं हातानं गप्प केलं. मग सिंदेवाहीच्या अलीकडे, बाहेर पाहतच म्हणाली, "तू पानी पेला असता आन पोरगी बिमार हाये असं सांगतलं असतं, तं मी आली नसती."

मी तिच्याकडे वळलो.

"नाईच आली असती," ती म्हणाली. "राग धरून बसली असती. बिमार मानूस बरा होते, असं वाटलं असतं. मेली असं समजलं तवा माह्या जिवाले समजलं का मले ते पायजे होती." आणि पुन्हा बाहेर पाहायला लागली. मला काय वाटलं ते मी आजही सांगू शकत नाही. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बहिणीचा फोन आला. शुद्ध जाते-येते, लवकर ये. मूलच्या स्थानकावर बस पाच मिनिटं थांबणार होती, ती वीस मिनिटं थांबली. मी कंडक्टरवर ओरडलो. तो चहाचा कप हातात धरून म्हणाला, "सगळ्यायलेच घाई हाये भाऊ." सासू उठली, खाली उतरली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माह्यी पोरगी मरून राह्यली, बापू." त्यानं कप तसाच ठेवला. बस निघाली. मला आठवतं, त्या क्षणी मी स्वतःची लाज वाटून खिडकीकडे तोंड केलं. सात शब्दही नाहीत, आणि त्यात तिचं स्वतःचं जास्तीचं काहीच नव्हतं.

चंद्रपूरला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. स्थानकापासून ऑटो, मग दवाखान्याचे जिने. सासूला जिने चढताना दम लागला तर मी तिच्या कोपराला हात दिला, तिनं घेतला. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, वरून बहीण रडत येईल. वॉर्डाच्या दारात पोचलो. बहीण पलंगापाशी बसली होती, रडत नव्हती. बायकोचे डोळे मिटलेले.

सासूनं पिशवी खाली ठेवली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. पिवळे डोळे उघडले. ती म्हणाली, "माय?"

"हो."

"कशी आली तू?"

मी मधे पडायला गेलो. म्हटलं, काहीतरी बरं सांगावं. सासूनं मला बोलूच दिलं नाही. "तू मेली म्हनून रडून आली मी," ती म्हणाली. "ह्यानं दारात पानी नाई घेतलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आमचा तो शनिवार, ते झिंगे, सगळं तिला आठवलं असणार. मी खाली पाहिलं. तेव्हा ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा, आवाज नसलेलं, पण हसलीच. "झालं ना मंग रडून?" ती मायला म्हणाली. "आता पुना रडू नोको. बस इथी."

माय बसली आणि तीन दिवस उठली नाही म्हणा. तिनं लेकीचे केस विंचरले, तेल लावलं, गुंता काढताना ओरडली. दोघी एका गायीच्या नावावरून भांडल्या, कपिला होती की तांबडी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. पिशवीत सुके झिंगे होते. बहिणीनं डॉक्टरांना न सांगता घरून चटणी करून आणली, मायनं बोटानं लेकीच्या जिभेला लावली. गिळता आली नाही, पण ती म्हणाली, "मीठ जास्त झालं." मी पलीकडच्या स्टुलावर बसून असायचो. मला कुणी काही विचारायचं नाही आणि तेच बरोबर होतं. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. हात मायच्या हातात होता.

माय रडली नाही. बाजूच्या पलंगावरच्या बाया कुजबुजल्या, काय दगडाचं काळीज म्हणायचं. त्यांना काय माहीत, लेकीनं तिला पुन्हा रडू नको म्हटलं होतं. ती पदराचं टोक दातांत धरून बसून राहिली आणि रडलो मी, असा की सिस्टर दोनदा येऊन गप्प करून गेली.

आलापल्लीत तिला माती दिली. भाऊही आला होता, मागे उभा राहून गेला. पाळकांनी नंतर मला समजावलं की देवानं माझ्या चुकीचाही उपयोग करून घेतला, तिला मायपर्यंत पोचवलं, मायला तिच्यापर्यंत. मी चिडलो. म्हटलं, निरोप त्याचा असेल, पण त्यात कालवलेलं विष माझं होतं, दोन्ही एका ताटात वाढू नका. रविवारची शाळा मी त्यानंतर दोन महिने घेतली नाही.

सासू तीन दिवस आमच्या घरी राहिली. लेकीच्या साड्या घड्या करून ठेवल्या, तिच्या नर्सच्या ओळखपत्राकडे बराच वेळ पाहत बसली. मला जेवायला वाढलं. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला बसवर पोचवायला गेलो. स्थानकाच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. बसला उशीर होता.

तिनं पहिल्यांदाच मला हाक मारली. "जवाईबापू," ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा ना."

"तुमी पहिलेच काऊन नाई आले?"

मला वाटलं, मला ऐकायला चुकलं. मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना बसमध्ये? मी नीट येऊन सांगितलं असतं तर तुम्ही आल्या नसत्या."

"नसतीच आली," ती म्हणाली. "तुमाले हाकललं असतं. पोरानं दोन ठेवूनबी देल्ल्या असत्या. पन तुमी दुसऱ्या साली आले असते तं? तिसऱ्या साली? बारा सालं होती, बापू."

मी विचारलं, "आल्या असत्या?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, उगाच माझं समाधान म्हणून नाही. मग तिनं पिशवी उचलली, कारण लांबून बस येताना दिसत होती.

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "तुमी आलेच नाई."